चूक पाहायची घाई

बिसनलाल रहांगडाले गोंदिया स्टेशनवर तारबाबू होता आणि त्याला आपल्या हाताचा अभिमान होता. बालाघाटहून, नागभीडहून, डोंगरगडहून येणारी टकटक ऐकता ऐकता तो पेन्सिलीने इतकं स्वच्छ लिहून काढायचा, की स्टेशनमास्तर त्याचा कागद पुरता न वाचताच सही करत. आमगावकडच्या पोवार शेतकऱ्याचा हा मुलगा. भावांनी घरचं धान सांभाळलं आणि हा शिकला, परीक्षा पास झाला, नोकरीला लागला. शाळेपासून जे जे हातात घेतलं ते त्याला पहिल्या-दुसऱ्या खेपेला जमत आलं होतं. एखादी गोष्ट जमत नाही म्हणजे माणसाला काय होतं, हे सदतिसाव्या वर्षी बिलियर्ड खेळायला लागेपर्यंत त्याला माहीतच नव्हतं.

टेबल रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये होतं. बारा फूट लांब, वर हिरवी बनात म्हणजे लोकरी कापड, खाली दगडाची जाड फरशी, कडेला सहा खिसे. रेल्वे कंपनीच्या काळात त्यावर साहेब लोक खेळत आणि बाबू लोकांनी वाचनालयाच्या दारापर्यंतच यायचं असा रिवाज होता. स्वराज्य आलं तेव्हा दार उघडलं, पण टेबलाजवळ जायला माणसं पुढे पाच-सहा वर्षं बिचकतच होती. सगळ्यात आधी ज्याने बिचकणं सोडलं तो मालगाडीचा गार्ड शालीकराम फुंडे. पोट सुटलेला, तोंडात सदा तंबाखू, मोठ्याने बोलणारा. १९५४च्या उन्हाळ्यात वाचनालयात पेपर वाचत बसलेल्या बिसनलालला त्यानेच हाताला धरून नेलं आणि म्हणाला, की एकट्याने खेळायचा कंटाळा आला, तू उभा राहा.

खेळ समजायला सोपा होता. तीन बॉल, दोन पांढरे आणि एक लाल. आपल्या पांढऱ्याने बाकीचे दोन्ही बॉल शिवले की दोन गुण, लाल बॉल खिशात घातला की तीन. खिशातला लाल पुन्हा टेबलावर ठेवायचा आणि चुकेपर्यंत पाळी आपलीच. आधी शंभर करेल तो जिंकला. त्या पहिल्या दिवशी बिसनलालचे अकरा झाले तेव्हा शालीकरामचे शंभर झाले होते. बिसनलाल हसला. आठ-पंधरा दिवसांत जमेल, असं त्याने मनाशी धरलं.

आठ-पंधरा दिवसांत ते जमलं नाही, दोन महिन्यांतही नाही. तारघरातली त्याची पाळी दुपारी दोनला संपायची. जेवून, जरा पडून तो चारला इन्स्टिट्यूटमध्ये हजर व्हायचा. शालीकराम गाडीवर नसला की दोघं खेळायचे आणि शालीकराम जिंकायचा. बिसनलालला सगळ्यात जास्त हे डाचायचं, की शालीकराम चांगला खेळत नव्हता. काठी कशीही धरायचा, नेम धरायला वेळ घ्यायचा नाही, सोपा बॉल चुकवायचा. चुकला की "गेला बेटा" म्हणून खिडकीबाहेर थुंकून यायचा आणि पुढचा मारायचा, तो बरोबर जायचा. बिसनलाल वाकायचा, एक डोळा बारीक करायचा, कोन पाहायचा, श्वास धरायचा आणि चुकायचा. आणि चुकला की त्याचं सुरू व्हायचं.

आधी ते मनातल्या मनात होतं. मग ओठांवर आलं. गधा. बैल. हातात लकवा भरला का रे तुझ्या. मग तो कपाळावर तळहात मारून घेऊ लागला. एकदा काठीचं बूड जमिनीवर इतक्या जोरात आपटलं, की वाचनालयातला एक म्हातारा पेपर घेऊन बाहेर निघून गेला. एक चूक झाली की पुढच्या तीन-चार पाळ्या वाया जायच्या, कारण बॉलसमोर वाकतानाही तो मागच्याच चुकीवर स्वतःला झोडपत असायचा. ज्या दिवशी आपण स्वतःशी फार कडक राहिलो त्या दिवशी आपण अधिक वाईट खेळलो, हे त्याच्या ध्यानात येत नव्हतं असं नाही. पण त्याचा अर्थ तो असा लावायचा, की आपण पुरेसे कडक राहिलो नाही.

घरी जाताना तो ते सोबत घेऊन जायचा. फुलवंताने भात वाढला, वरून वरण घातलं, की दुसऱ्या-तिसऱ्या घासाला त्याचा हात थांबायचा आणि तोंडातून निघायचं, गधा कुठला. पहिल्यांदा तिला वाटलं आपल्याला म्हणतो आहे. मग कळलं. तिने महिनाभर ऐकून घेतलं. एका दिवशी वाढता वाढता तिने भांडं खाली ठेवलं.

"माया नवऱ्याले कोनी गधा म्हनलं त मी आयकून नाई घेत," ती म्हणाली. "तुमी म्हनलं तरी नाई."

त्या दिवसापासून तो जेवताना गप्प राहू लागला, म्हणजे शिव्या पुन्हा आत गेल्या. बंद मात्र झाल्या नाहीत.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो डाव झाला. बाहेर सकाळपासून झड लागली होती, शालीकरामची गाडी रद्द झाली होती आणि खोलीत पाच-सहा माणसं पाहायला बसली होती. त्या दिवशी बिसनलालचा हात लागला. त्याचे ब्याण्णव झाले तेव्हा शालीकरामचे एकाहत्तर होते. एवढा पुढे तो कधीच गेला नव्हता. लाल बॉल कोपऱ्याच्या खिशापासून हातभर अंतरावर, सरळ रेषेत उभा होता. असा बॉल कुणीही घालेल. बिसनलालने मारला आणि लाल बॉल खिशाच्या ओठाला लागून परत फिरला.

मग नेहमीचं झालं. त्याने कपाळ बडवलं, पुढचे चार बॉल चुकवले आणि शालीकरामने चेष्टामस्करी करत शंभर पुरे केले. बघे उठू लागले. बिसनलालला ते उठणं सहन झालं नाही. त्याने लाल बॉल पुन्हा त्याच जागी ठेवला, आपला पांढरा ठेवला आणि कुणालाही न सांगता, सगळा जोर काढून मारला. काठीचं टोक बॉलच्या खाली घुसलं. कापड फाटल्याचा आवाज खोलीतल्या प्रत्येकाने ऐकला.

बनातीवर बोटभर लांब चीर पडली होती आणि तिच्या टोकाला आडवी आणखी एक. आतला दगड दिसत होता.

इन्स्टिट्यूटचा कारभार हेडक्लार्क ईश्वरदास पाहायचे. ते आले, वाकून त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं. नवी बनात कलकत्त्याहून मागवावी लागेल, आणि ती यायला किती महिने लागतील ते कुणी सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. जानेवारीत इन्स्टिट्यूटचे सामने होते. बिसनलाल मान खाली घालून उभा होता. आपल्याला हाकलून द्यावं असंच त्याला वाटत होतं. ते त्याने बोलूनही दाखवलं, की मी इथे पाय ठेवायच्या लायकीचा नाही.

तेव्हा भिंतीजवळून बकाराम मार्कर पुढे आला. साठीचा, काटक, कानावर अर्धी ओढलेली बिडी. सत्तावीस वर्षं तो या खोलीत होता. टेबल झाडायचं, बॉल पुसायचे, खेळणाऱ्यांचे गुण फळ्यावर सरकवायचे, हे त्याचं काम. साहेबांच्या काळात मार्करने खेळताना तोंड उघडायचं नाही असा नियम होता आणि साहेब गेल्यावरही त्याला कुणी बोल असं सांगितलं नव्हतं. तो ईश्वरदासांना म्हणाला, की कलकत्त्याच्या मिस्त्रीने एकदा अशीच चीर बुजवली होती, ती मी पाहिली आहे. आतून कापडाचा तुकडा सरकवून चिकटवायचा, इस्त्रीने दाबायचा आणि कडा रेशमी दोऱ्याने बारीक टाचायच्या. मात्र त्याचे डोळे आता सुईला पुरत नव्हते.

ईश्वरदासांनी बिसनलालकडे पाहिलं. "जिसने फाड़ा वही सिएगा," ते म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

तीन दुपारी बिसनलाल टेबलावर पोट टेकून टाके घालत होता. बकाराम बनात ताणून धरायचा. पहिल्या दिवशीचे टाके वाकडे गेले आणि बिसनलालने स्वतःला दोन शिव्या हासडल्या. बकारामने मुकाट्याने ते उसवले आणि सुई पुन्हा त्याच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी काम संपलं. इस्त्री फिरली. जोड दिसत होता, बोटाला किंचित लागतही होता, पण बॉल त्यावरून जाईल असं वाटत होतं.

ते पाहण्यासाठी बकारामने काठी घेतली. बिसनलालने त्याला काठीने खेळताना कधी पाहिलं नव्हतं. बकारामने लाल बॉल जोडाच्या पलीकडे ठेवला आणि मारला. तो खिशाच्या चार बोटं उजवीकडे गेला. बकाराम टेबलाला वळसा घालून तिकडे गेला, बॉल कडेला जिथे लागला होता ती जागा त्याने पाहिली, बॉल उचलून पुन्हा जागेवर ठेवले. पुन्हा मारला. या वेळी दोन बोटं उजवीकडे. पुन्हा गेला, पुन्हा पाहिलं. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी बॉल खिशात पडला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या वेळी जे होतं तेच सहाव्या वेळीही होतं.

बिसनलालने विचारलं, की तू हे शिकला कधी. बकाराम म्हणाला, की साहेब लोक यायच्या आधी, सकाळी झाडू मारून झाल्यावर. मग बिसनलालने जे खरं विचारायचं होतं ते विचारलं.

"पाच खेपा चुकला. राग नाही येत?"

"येते. पन रागाले का दिसते? बॉल कुठं गेला ते त डोऱ्यालेच दिसते." बकारामने काठी भिंतीला लावली आणि म्हणाला, "तारबाबू, एक सांगू? काठी बॉलले लागाच्या आंदीच तुमचं डोस्कं वर येते. डोस्कं हललं का खांदा हलते, खांदा हलला का काठी हलते. दोन महिने पाहून राहिलो मी."

"काऊन वर येते?"

"चुकलं का नाई ते पाहाची तुमाले घाई. बॉल अजून रस्त्यातच राह्यते, अन् तुमी शिवी तोंडात घेऊन तयार."

बिसनलालला राग आला. एका मार्करने हे आपल्याला सांगावं याचा आला, आणि दोन महिने पाहून तो गप्प का बसला याचाही आला. तो तसाच घरी गेला. रात्रीचं जेवण झालं, सकाळ झाली, तो तारेच्या टेबलाशी बसला. डोंगरगडला एक तार पाठवताना त्याचा एक शब्द चुकला. हात थांबलासुद्धा नाही. तारेवर चूक झाली की आठ टिंबं द्यायची, तोच शब्द पुन्हा पाठवायचा आणि पुढे जायचं, हे चौदा वर्षांचं होतं. पलीकडचा बाबू काही तुमच्या कपाळ बडवण्याची वाट पाहत बसत नाही. ती तार संपल्यावर बिसनलाल तारयंत्राच्या किल्लीवर बोट ठेवून बसून राहिला. इथे जे आपोआप होतं ते तिथे का होत नाही, हे त्याला कळेना, आणि कळत नाही म्हणून तो आणखीच चिडला.

तरी चारला तो गेला. बकारामला तो पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाला. म्हणाला, की मी मारतो, तुम्ही पाहा.

बकारामने त्याला एकच बॉल दिला. मारायचा आणि बॉल थांबेपर्यंत मान खालीच ठेवायची. बॉल कुठे गेला ते बकाराम सांगणार. बिसनलालने मारला, मान खाली ठेवली आणि ते दोन क्षण त्याला असह्य झाले. बॉल कडेवर आपटल्याचा आवाज कानावर आला.

"कुठं गेला?" त्याने मान खालीच ठेवून विचारलं.

"डावीकडे. तीन बोटं."

"मी असा कसा..."

"डावीकडे, तीन बोटं," बकाराम पुन्हा म्हणाला आणि बॉल जागेवर ठेवला.

असं ऑगस्टभर चाललं, सप्टेंबरभर चाललं. ते दिवस सुखाचे होते असं बिसनलालने पुढेही कधी म्हटलं नाही. एकाच जागेवरून एकच बॉल तीस-चाळीस वेळा मारायचा. सोमवारी तीसपैकी बारा जायचे आणि त्याला वाटायचं गाडी रुळावर आली. मंगळवारी चार जायचे. त्या दिवशी काठी मोडून चुलीत घालावी असं व्हायचं. एकदा तो खरंच काठी ठेवून निघाला, पोस्टाच्या वळणापर्यंत गेला आणि परत आला. बकारामने त्याची शिवी बंद केली नाही. एक द्या आणि पुढचा मारा, दुसरी देऊ नका, एवढंच तो म्हणायचा. एकावर थांबणं बिसनलालला बॉल मारण्यापेक्षा जड गेलं. दुसरी शिवी जिभेवर यायची आणि ती गिळताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की शालीकराम विचारायचा, दाढ दुखते का.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी त्याने शालीकरामला पहिल्यांदा हरवलं. शंभर विरुद्ध चौऱ्याण्णव. शालीकरामने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहा मागवला. बिसनलालने चहा घेतला आणि मधे चुकलेल्या सहा बॉलांची आठवण काढत बसला. फुलवंताला त्याने घरी येऊन जिंकलो म्हणून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, की तोंडावरून तर वाटत नाही.

जानेवारीतल्या सामन्यांना अठरा जणांनी नावं दिली. बिसनलालने तीन डाव जिंकले. चौथा, शेवटचा, शालीकरामशी होता. रविवार होता, दुपारचे तीन वाजले होते, खिडक्यांतून ऊन टेबलावर आलं होतं. बाकांवर जागा नव्हती म्हणून माणसं भिंतीला टेकून उभी होती. फुंडेच्या बाजूने गार्ड आणि फायरमन, बिसनलालच्या बाजूने बाबू लोक. बकाराम फळ्याजवळ उभा होता. सामन्यात मार्करने बोलायचं नव्हतं.

बिसनलाल चांगला खेळला. चुकला, पण चूक झाली की काठी खाली टेकून उभा राहायचा, एकदा ओठ हलायचे आणि बस. शालीकराम चाळीसवर असताना तो साठवर होता. मग शालीकरामने सलग वीस केले. बिसनलालने ते पाहिलं, तरी पुढच्या पाळीला त्याने चौदा केले. सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याऐंशी असा आकडा झाला तेव्हा पाळी बिसनलालची होती. लाल बॉल मधल्या खिशासमोर होता. तीन गुणांचा बॉल. तो घातला की सामना संपला.

तो वाकला. आता मान वर आणायची नाही, त्याने स्वतःला बजावलं. आता जोर करायचा नाही. बनात फाटली तो दिवस त्याला आठवला आणि हात आपोआप हलका झाला. त्याने मारला. मान खालीच ठेवली. कडेवर आपटल्याचा आवाज आला नाही. खिशात पडल्याचाही आला नाही. लोकांनी श्वास सोडल्याचा आवाज आला तेव्हा त्याने वर पाहिलं. लाल बॉल अगदी सरळ गेला होता आणि खिशाच्या दोन बोटं अलीकडे थांबला होता.

शालीकरामने तो घातला. मग पुढचे घातले, शिवले, एकदा नशिबाने शिवले गेले. त्याने एकाच पाळीत बारा केले. शंभर विरुद्ध सत्त्याण्णव. गार्ड लोकांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला, पण तो उचलला गेला नाही.

बिसनलालने हात मिळवला. ईश्वरदासांनी शालीकरामला कप दिला, दोन शब्द बोलले. बिसनलाल मागच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. त्याने स्वतःला एक शिवी दिली, मग दुसरी आणि मग मोजणं सोडून दिलं. सहा महिने. सहा महिने त्या एका बॉलसाठी, आणि तो कुणीही घातला असता.

बकाराम बिडी ओढायला बाहेर आला. त्याने बिसनलालचं संपेपर्यंत वाट पाहिली.

"डोस्कं खालीच होतं," तो म्हणाला.

"काय उपयोग."

"हात भेला. हे आंदी नव्हतं. ही चूक नवी होय, तारबाबू."

बिसनलालला त्यात काही समाधान सापडलं नाही. नवी असो की जुनी, हरलो तो हरलोच, असं तो म्हणाला. बकारामने त्यावर वाद घातला नाही. त्याने बिडी संपवली, विझवली आणि टेबल झाकायला आत गेला.

शालीकरामने सगळ्यांना स्टेशनवर चहा पाजायला नेलं. बिसनलालला जायचं नव्हतं, तरी गेला. शालीकराम तोच बॉल पुन्हा पुन्हा सांगत होता, की मी घरी निघायच्या तयारीतच होतो, काठी भिंतीला लावणार होतो. लोक हसले. बिसनलालने कप ठेवला आणि लवकर उठला.

घरी फुलवंताने विचारलं नाही, त्याच्याकडे पाहून तिला कळलं. तिने भात वाढला. तो जेवला. ती भांडी उचलत असताना तो म्हणाला, "हळू मारलं."

तिला बिलियर्डमधलं काही कळत नव्हतं. ती म्हणाली, मग जोरात मारायचं होतं.

"जोरात नाही," तो म्हणाला. "पाहिजे तेवढं."

दुसऱ्या दिवशी तारेवर बसला तेव्हाही राग होता. आठ वाजता होता, दहा वाजता होता. बालाघाटची लाइन जरा शांत झाली तेव्हा त्याने टेबलाच्या कडेवर दोन बोटं ठेवून अंतर पाहिलं. दोन बोटं. त्या दोन बोटांसाठी किती जास्त जोर लागला असता? काठी किती मागे न्यायला हवी होती? त्याला ते ठरवता येईना. राग गेला नव्हता, पण त्याला आता हे माहीत करून घ्यायचं होतं. दोनला पाळी संपली. तो जेवला, पण पडला नाही. तीन वाजताच तो इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या चढत होता. बकाराम बनातीवर ब्रश फिरवत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"मधला खिसा," बिसनलाल म्हणाला आणि कोट काढून खुंटीला लावला. "तिथूनच."